शेणव्याखालची तांबडी रेघ

आजच्या विषयाचं नाव जाहिरातीत जरा जडच झालंय: 'मोजक्या माणसांवर चालणाऱ्या, थांबलेल्या मुक्त प्रकल्पांचं पुनरुज्जीवन'. यातला 'पुनरुज्जीवन' हा शब्द आम्हाला फारसा पटत नाही. का, ते पुढे येईल. सुरुवात एका तांबड्या रेघेपासून करू.

तुम्ही संगणकावर मराठीत अर्ज लिहिताय. 'शेणव्यात पाणी आलेलं नाही' असं टाइप केलंत, की 'शेणव्यात' या शब्दाखाली तांबडी नागमोडी रेघ येते. यंत्राचं म्हणणं, असा शब्द नाही. 'शहापुरात' लिहिलंत, तरी रेघ. गंमत म्हणजे आमच्याकडच्या जुन्या शब्दयादीत 'शहापूरात' असं चुकीचं लिहिलं तर मात्र यंत्र गप्प बसायचं. म्हणजे बरोबर लिहिणाऱ्याला टोकायचं आणि चुकणाऱ्याला सोडायचं. शाळेत अशी एखादी बाई प्रत्येकाच्या वाट्याला आलेली असते. (हशा)

ही रेघ कोण काढतं? लिब्रेऑफिसमध्ये आणि फायरफॉक्समध्ये हे काम 'हनस्पेल' नावाचा प्रोग्राम करतो. लास्लो नेमेथ या हंगेरियन माणसानं तो आपल्या भाषेसाठी उभा केला. हंगेरियन भाषेत मराठीसारखेच शब्दाला मागून प्रत्यय चिकटत जातात. हनस्पेलला प्रत्येक भाषेसाठी दोन साध्या फायली लागतात. एकीत शब्द, दुसरीत ते शब्द कसे बदलतात त्याचे नियम. 'शेणवा' हा शब्द पहिल्या फायलीत. दुसरीत नियम असा: शब्दाच्या शेवटी 'वा' असेल तर शेवटचा काना काढ आणि 'व'ला '्यात' जोड. झालं 'शेणव्यात'. 'शहापूर'साठी नियम वेगळा: 'पूर' मधला दीर्घ ऊकार काढ, ऱ्हस्व घाल, मग 'आत' जोड. पण 'शहापूरला' म्हणताना तो ऊकार दीर्घच राहतो. हे तुम्हाआम्हाला बोलताना कळतही नाही. यंत्राला मात्र एकेक ओळ लिहून सांगावं लागतं.

मराठीच्या शुद्धलेखनाचे शासनमान्य नियम १८ आहेत. साहित्य महामंडळाचे १९६२ चे १४ आणि १९७२ मध्ये वाढवलेले ४. कागदावर ते दोनचार पानांत मावतात. त्यांचं यंत्राला कळेल अशा ओळींत रूपांतर करायला बसलं की एकेका नियमाच्या पोटातून अपवादांची पिलावळ निघते. हे काम कुणी पगारावर करत नाही, किंवा फार थोडे करतात. बहुतेक वेळा एक माणूस, जेवणं उरकल्यावर, घरातले झोपल्यावर, ही ओळ लिहितो. त्याची बदली झाली, लग्न झालं, डोळे दुखायला लागले किंवा नुसता कंटाळा आला, की ओळी लिहायच्या थांबतात. शब्दयादी कुठे जात नाही. ती तशीच्या तशी, फुकट, सगळ्यांसाठी उपलब्ध असते. फक्त तिच्यात 'शेणवा' कधीच येत नाही.

आज बोलायचंय ते या अवस्थेबद्दल.

ओपन सोर्सच्या जगात 'अपस्ट्रीम' असा एक शब्द आहे. प्रोग्राम मूळ जिथे लिहिला जातो, ती वरची बाजू. तिथून तो खाली वाहत येतो, वाटेत कुणी त्याची पॅकेजं बांधतो, कुणी त्यावर आपलं उत्पादन उभं करतो, आणि शेवटी तो तुमच्या टेबलावर पोचतो. आपल्या तालुक्यात हा शब्द समजावून सांगायची गरज नाही. तानसा आपल्याकडे, १८९२ पासून. भातसा आपल्याकडे. मुंबईत नळ सोडणाऱ्याला वरच्या अंगाला कोणती गावं आहेत ते ठाऊक नसतं, आणि त्याच वरच्या अंगाच्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट बघितली जाते. मुक्त सॉफ्टवेअरचं असंच आहे. खाली वापरणारे कोट्यवधी, वर एखाददुसरा माणूस, आणि तो तहानलेला. ही उपमा फार ताणत नाही, कारण धरणावर निदान नोकरीचा माणूस असतो.

या धोक्याला त्या लोकांनी एक क्रूर नाव दिलंय, 'बस फॅक्टर'. किती माणसं बसखाली आली तर प्रकल्प बंद पडेल, तो आकडा. आमच्या मित्रमंडळीत आम्ही ते जरा सौम्य केलं: किती जणांची एसटी चुकली तर काम थांबेल? मराठीच्या पुष्कळ साधनांच्या बाबतीत उत्तर 'एक' असं येतं. आणि इथल्या एसटीचा भरवसा तुम्हाला आम्ही सांगायला नको.

आता टीकेकडे वळू. टीका आहे ती एका निबंधावर. खरं म्हणजे निबंधापेक्षा त्याच्या वाचनावर. एरिक रेमंड यांचा 'द कॅथीड्रल अँड द बझार' हा १९९७ सालचा निबंध ओपन सोर्सवाल्यांचा जवळजवळ धर्मग्रंथ झाला. त्यातला बाजार सगळ्यांना आठवतो. दारं उघडी ठेवा, खूप माणसं येतील, खूप डोळे असले की चूक लपून राहणार नाही, हा त्याचा सारांश घरोघर पोचला. पण ज्या प्रोग्रामच्या अनुभवावर हा निबंध उभा आहे तो, फेचमेल, रेमंड यांनी शून्यातून केलेला नव्हता. कार्ल हॅरिस नावाच्या माणसाचा 'पॉपक्लायंट' नावाचा टपाल आणणारा प्रोग्राम होता. रेमंड त्यात दुरुस्त्या पाठवत होते. हॅरिस यांचा त्यातला रस संपत आला होता, आणि त्यांनी तो सरळ रेमंड यांच्या हाती दिला. पुढे त्याचं नाव बदललं. रेमंड यांनी निबंधात हे प्रांजळपणे लिहिलंय, इतकंच नव्हे तर रस संपला की लायक माणसाच्या हाती काम सोपवणं हे शेवटचं कर्तव्य, असंही बजावलंय.

म्हणजे बाजाराच्या त्या प्रसिद्ध गोष्टीची सुरुवात एका दत्तकविधानानं होते! आणि वाचणाऱ्यांनी नेमकं तेच पान उलटून टाकलं. आमची तक्रार इथे आहे. गेली पंचवीसतीस वर्षं थांबलेल्या प्रकल्पांवर जे उपाय सांगितले जातात, ते सगळे बाजाराच्या पानावरचे आहेत. दत्तकाच्या पानावरचा एकही नाही.

पहिला उपाय, माणसं जमवा. शिबिर घ्या, हॅकेथॉन घ्या, टी-शर्ट वाटा. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये डिजिटलओशन कंपनीच्या हॅक्टोबरफेस्ट या उपक्रमात हेच झालं. ठरावीक संख्येनं सुधारणा पाठवणाऱ्याला टी-शर्ट मिळणार होता. मग लोकांनी माहितीपत्रकात एखादा शब्द इकडचा तिकडे करून 'सुधारणा' म्हणून पाठवायला सुरुवात केली. प्रकल्प सांभाळणारे ही रद्दी निवडता निवडता इतके वैतागले की कंपनीला महिन्याच्या सुरुवातीलाच नियम बदलावे लागले, आणि ज्यांची इच्छा असेल तेच प्रकल्प यात धरले जाऊ लागले. मुद्दा असा की आलेला प्रत्येक हात आधी काम वाढवतो. ज्या घरात स्वयंपाक करणारी एकच बाई आहे आणि ती आजारी आहे, तिथे वीस पाहुणे 'मदतीला' आले तर काय होतं, ते घरोघर माहीत आहे.

दुसरा उपाय, पैसा. याला आम्ही नाही म्हणत नाही. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएलमधली 'हार्टब्लीड' ही चूक उघडकीला आली. इंटरनेटवरचे व्यवहार कुलूपबंद ठेवणारा हा प्रोग्राम. चूक दोनएक वर्षं तिथे पडून होती. तेव्हा जगाला कळलं की या प्रकल्पाला वर्षाला देणग्या मिळायच्या सुमारे २,००० डॉलर, आणि पूर्णवेळ काम करणारा माणूस होता एक. मोठ्या कंपन्यांनी मग लिनक्स फाउंडेशनच्या पुढाकारानं निधी उभा केला, दोन पूर्णवेळ माणसांची सोय झाली, आणि प्रकल्प खरोखरच सावरला. पण लक्षात घ्या, तिथे पैसा द्यायला माणसं जागेवर होती. चाव्या कुणाकडे आहेत हे ठाऊक होतं. आपल्याकडे पुष्कळदा तेच ठाऊक नसतं. मग अनुदान येतं, नवीन शब्दयादी शून्यातून सुरू होते, दोन वर्षांनी अनुदान संपतं आणि थांबलेल्या याद्या एकाच्या दोन होतात.

(खूप डोळ्यांच्या सिद्धान्ताचं या दोन वर्षांत काय झालं, हे रेमंड यांच्या चाहत्यांना विचारायला हरकत नाही. डोळे पुष्कळ होते. बघत कुणीच नव्हतं.)

तिसरा उपाय तरुण मंडळींचा लाडका: जुनं टाकून द्या, नव्यानं लिहू. याबद्दल फार बोलत नाही. नव्यानं लिहिण्यात मजा असते आणि जुनं वाचण्यात नसते, एवढंच त्याचं खरं कारण असतं.

मग थांबलेलं काम पुन्हा चालू होतं तरी कसं? एक जुनी हकिगत सांगतो. चित्रं सुधारायचा 'गिम्प' हा प्रोग्राम तुमच्यातल्या काहींनी वापरला असेल. बर्कलीच्या स्पेन्सर किंबल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी तो १९९५ मध्ये लिहायला घेतला. दोघं शिक्षण संपवून नोकरीला लागले आणि बाजूला झाले. जाताना, आता कोण बघणार, हे कुणाला सांगून गेले नाहीत. त्यात खलपणा काही नाही, विशीतली पोरं होती. वापरणाऱ्यांपैकी काही जण दुरुस्त्या गोळा करत होते, आपसांत वाटत होते, पण अधिकृत प्रत काढायचा हक्क कुणाचा, हे नक्की नव्हतं. शेवटी त्यांच्यातल्याच काहींनी ती जबाबदारी अंगावर घेतली, आणि जून १९९८ मध्ये १.० ही आवृत्ती बाहेर पडली. आज तो प्रोग्राम तिशी ओलांडून चाललाय.

यात काय घडलं बघा. कोडचा प्रश्न नव्हताच, कोड सगळ्यांकडे होता. अडलं होतं ते 'आता मी प्रत काढतो' हे कुणीतरी म्हणण्यावर आणि बाकीच्यांनी ते मानण्यावर. गावची नळपाणी योजना बंद पडते तेव्हा पाइप जागेवरच असतात, टाकीही असते. पाणी सोडणारा माणूस गेलेला असतो, आणि कोणता व्हॉल्व्ह आधी फिरवायचा हे त्याच्याबरोबर गेलेलं असतं. म्हणून आम्हाला 'पुनरुज्जीवन' हा शब्द नको वाटतो. मेलेलं काही नसतं. सुटलेलं असतं.

पण हात बदलण्यातही धोका आहे, आणि तो लपवून ठेवणं बरोबर नाही. २०२४ च्या मार्चमधली 'एक्सझी'ची गोष्ट त्यासाठीच सांगायची. फायली आक्रसून लहान करणारं हे एक छोटं साधन, लिनक्सच्या जवळजवळ प्रत्येक यंत्रात बसलेलं. फिनलंडचे लासे कोलिन ते एकहाती सांभाळत होते. २०२१ पासून 'जिया टॅन' नावानं कुणीतरी नियमितपणे, नीटनेटकी मदत पाठवू लागलं. २०२२ मध्ये आणखी काही नावांनी कोलिन यांच्यामागे टुमणं लागलं, की तुम्ही फार हळू चालता, दुसऱ्याला कामावर घ्या. कोलिन यांनी उत्तरात सांगितलं होतं, की आपल्याला दीर्घकाळ मानसिक आरोग्याचा त्रास आहे आणि हा बिनपगारी छंदाचा प्रकल्प आहे. शेवटी जिया टॅनला सहसांभाळणारा केलं गेलं. आणि २०२४ च्या सुरुवातीच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये त्या माणसानं, किंवा माणसांनी, दूरच्या संगणकात शिरायचा चोरदरवाजा बसवला. तो सापडला आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला. आपलं लॉगिन नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त घेतंय, हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी त्याचा पाठपुरावा केला. २९ मार्चला जगाला कळलं.

यावरून लोक धडा काढतात की अनोळखी माणसाला चावी देऊ नका. आम्हाला वेगळंच दिसतं. ती दुसरी नावं बहुधा बनावट होती, पण त्यांची भाषा मात्र अस्सल होती, आपल्या सगळ्यांची होती. 'इतके दिवस झाले, अजून का नाही?', 'जमत नसेल तर सोडा.' फुकट मिळणाऱ्या वस्तूबद्दल वापरणारे असंच बोलतात, म्हणून तर ते सोंग खपलं. थकलेल्या माणसाला 'मी थकलोय' असं लाज न वाटता म्हणता येईल आणि त्यावर काहीतरी ठरलेली कृती होईल, अशी जागाच तिथे नव्हती. त्यानं आपली अडचण उघड्यावर सांगितली, आणि ती ऐकायला आधी पोचला तो चोर.

डेबियन प्रकल्पानं अशी जागा करून ठेवली आहे, आणि आमच्या मते ओपन सोर्सनं कोडपलीकडे जे काही निर्माण केलं त्यातली ही फार मोलाची गोष्ट आहे. डेबियनमध्ये हजारो पॅकेजं आहेत, प्रत्येकाला सांभाळणारा आहे, आणि त्याला आपली अवस्था सांगायला ठरलेले शब्द आहेत. 'मदत हवी आहे' ही एक पायरी. 'कुणीतरी दत्तक घ्या, तोवर मी बघतो' ही दुसरी. 'अनाथ' ही तिसरी. आणि घेणाऱ्यासाठीही शब्द आहे: 'दत्तक घ्यायचा इरादा आहे'. ही यादी सगळ्यांना दिसते. कुणी अनाथ म्हणून नोंदवलं, तर तो पळपुटा ठरत नाही. त्यानं नियमाप्रमाणे काम केलं, असं धरतात. बघा ना, आपल्याकडे मंडळाचा खजिनदार किंवा वाचनालयाचा चिटणीस 'मला आता जमत नाही' असं म्हणाला की पहिला प्रश्न येतो, 'काय, भांडण झालं का?'

नावाचंही थोडं बोललं पाहिजे. परवाना कोड देतो, नाव देत नाही. २०१० च्या सप्टेंबरमध्ये ओपनऑफिसमधल्या बऱ्याच मंडळींनी वेगळी चूल मांडली, कारण प्रकल्प ओरॅकल कंपनीच्या हाती गेला होता आणि त्याचं पुढे काय होणार याची त्यांना खात्री नव्हती. कोड घेता आला, नाव घेता आलं नाही. म्हणून लिब्रेऑफिस. पुढच्या वर्षी ओरॅकलनं जुनं नाव आणि कोड अपाची फाउंडेशनला दिला. आज काम चाललंय ते लिब्रेऑफिसमध्ये, पण जुन्या नावाची ओळख इतकी पक्की, की कितीतरी माणसं अजूनही तेच शोधून उतरवून घेतात. आपल्याकडच्या प्रकल्पांत तर नाव म्हणजे एखाद्याच्या वैयक्तिक ईमेलवर घेतलेलं संकेतस्थळाचं नाव, ज्याचं वर्षाचं भाडं भरायचं एका सालात राहून जातं.

आता घराजवळचं उदाहरण, आणि हे चांगलं उदाहरण आहे. 'लोहित' फॉन्ट. लोहित म्हणजे तांबडा, आणि रेड हॅट कंपनीनं तो मुक्त केला म्हणून नाव शोभूनही दिसतं. लिनक्सवर मराठी वाचणाऱ्या एका पिढीनं मराठी वाचली ती लोहितमध्ये. फॉन्टमध्ये अक्षरांच्या आकृत्या असतात, पण खरी करामत असते जोडाक्षरांच्या नियमांत. 'किन्हवली'तला 'न्ह' कसा जुळवायचा, 'सह्याद्री'तला 'ह्य' कुठून आणायचा, 'दऱ्या'तला तो पापणीसारखा र कधी काढायचा. 'शेणवा' आणि 'शहापूर' यांतला श आणि 'शिवळे'तला ल नव्हे ळ... (हशा) असो, मराठीत श आणि ल यांचं वळण हिंदीहून वेगळं, देठाचा श आणि पाकळीचा ल. हे सगळं फॉन्टला सांगावं लागतं. जुन्या लोहितमध्ये हे नियम फॉन्टच्या फायलीच्या पोटात दडलेले होते. ज्यानं लिहिले त्याला कळायचे, नव्या माणसाला ते उलगडताना घाम फुटायचा.

पुण्याच्या मंडळींनी 'लोहित २' हाती घेतला तेव्हा त्यांनी नवीन सुंदर आकृत्या काढायच्या मागे न लागता हे नियमच बाहेर काढले. साध्या मजकुराच्या फायलीत, कुणालाही उघडून वाचता येतील असे लिहिले. अक्षरांना सगळ्यांना समजतील अशी ठरीव नावं दिली. मघाशी आम्ही नव्यानं लिहिण्याची चेष्टा केली, आणि हेही एका अर्थी नव्यानं लिहिणंच आहे, हे मान्य. पण फरक हेतूत आहे. यात जुन्या माणसाच्या डोक्यातलं ज्ञान कागदावर उतरलं, दुसऱ्यालाही ते आपल्या फॉन्टमध्ये वापरता येईल असं झालं. पुढे २०२२ मध्ये फेडोरानं बहुतेक भाषांसाठी गूगलच्या नोटो फॉन्टला पहिली जागा दिली. कुणी म्हणेल, मग लोहितचं काय उरलं? नियमांची ती उघडी फाइल उरली. २०११ पासून त्याला मुक्त फॉन्टचा परवाना आहे, त्यामुळे ती उद्या कुणालाही उचलता येईल.

असं उचललेलंही आहे, दुसऱ्या एका घरात. राज्य मराठी विकास संस्थेच्या 'यशोमुद्रा' या फॉन्टच्या पायावर आयआयटी मुंबईच्या संस्कृत आणि विज्ञानवारशाचं काम करणाऱ्या मंडळींनी 'शोभिका' उभा केला. सोळाशेच्या वर देवनागरी आकृत्या, अकराशेच्या वर जोडाक्षरं. सरकारी कामातली एक वस्तू संस्कृत ग्रंथ छापणाऱ्यांनी पुढे नेली, कारण परवान्यानं दार उघडं ठेवलं होतं. आमच्या मते प्रकल्प जिवंत राहणं म्हणजे हे. तोच माणूस, तेच नाव, तीच संस्था राहिली पाहिजे असं नाही.

आता थोडं आमच्याबद्दल, कारण दुसऱ्यांना नावं ठेवून झाल्यावर हे सांगणं भाग आहे. आम्ही तिघांनी काही वर्षांपूर्वी शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या गावांची आणि पाड्यांची नावं शब्दयादीत घालायचं ठरवलं. उत्साह खूप होता. नावं जमली, नियमही लिहिले. नियम लिहायचं काम आमच्यातला एक जण करायचा, कारण त्याला ते भराभर यायचं, आणि त्यानं केलं की आम्हाला करावं लागायचं नाही. बाजाराबद्दल भाषणं देणारे आम्ही, आमच्या तिघांत बाजारही नव्हता आणि मंदिरही नव्हतं, एक पुजारी होता. त्याची नोकरी बदलली, तो लांब गेला. यादी थांबली. बऱ्याच काळानं आम्ही ती उघडली तेव्हा नियमांपुढे क, ख, ग अशी नुसती अक्षरं. 'शेणवा'पुढे 'ग'. 'ग' म्हणजे काय? कुठेही लिहिलेलं नव्हतं. दोष त्याचा नव्हता. आम्ही एकदाही विचारलं नव्हतं.

मग आम्ही काय केलं, तर नवीन काहीच केलं नाही. एका रविवारी त्याला फोन लावला आणि दुपारभर एकेक नियम त्याच्याकडून वदवून घेतला. तो सांगायचा, आम्ही त्या नियमाशेजारी साध्या मराठीत एक ओळ लिहायचो: 'वा-कारान्त गावांची नावं. उदा. शेणवा.' दोन नियम त्यालाही आठवले नाहीत. ते आम्ही खोडून टाकले, आणि ते खोडल्यानं कोणते शब्द बिघडले ते बघून पुन्हा लिहिले. संध्याकाळी यादीत एकही शब्द वाढलेला नव्हता. पण प्रत आम्ही काढू शकत होतो, दोघं वेगवेगळे, एकमेकांना न विचारता. पुढच्या रविवारी फक्त एक चूक दुरुस्त करून नवीन प्रत काढली, मुद्दाम एकच. दार उघडतंय का तेवढंच बघायचं होतं.

त्यानंतर इकडचे एक शिक्षक यात आले. त्यांना संगणकातलं फारसं येत नाही. पण त्यांनी आल्या आल्या एक प्रश्न विचारला, जो आम्हा तिघांपैकी कुणालाच सुचला नव्हता. काही पाट्यांवर 'शेणवा' आहे आणि काही कागदांवर 'शेणवे'. तुम्ही 'शेणवा' घातलंत, ते कुणाला विचारून?

आता या प्रश्नाला यंत्राकडे उत्तर नाही. गंमत अशी की 'शेणवे' घेतलं तरी रूप 'शेणव्यात' असंच होतं, जसं पुण्याचं 'पुण्यात'. म्हणजे शब्दाला प्रत्यय लागला की भांडण मिटतं, नुसतं नाव घेतलं की पुन्हा सुरू. मुंबईच्या एखाद्या कचेरीत बसून यादी करणाऱ्यानं यातलं एक निवडलं असतं आणि दुसऱ्याखाली कायमची तांबडी रेघ आली असती. ज्याच्या घराच्या कागदावर 'शेणवे' आहे त्याला यंत्रानं सांगितलं असतं, तुझं गाव चुकीचं आहे.

कुणी विचारेल, आणि मागे एका ठिकाणी विचारलंही होतं, की एवढा खटाटोप कशाला, मोठ्या कंपन्या कधीतरी करतीलच. करतील. कदाचित आमच्यापेक्षा चांगलंही करतील. पण त्यांच्या यादीत 'शेणवे' नसेल, तर या शिक्षकांनी तो प्रश्न नेमका कुणाला विचारायचा?

आम्ही दोन्ही नावं घातली आहेत. शेजारी ओळ लिहिली आहे: 'दोन्ही रूपं प्रचलित, स्थानिक शिक्षकांच्या सूचनेवरून'. डोळखांबच्या बाजूच्या पाड्यांची नावं अजून व्हायची आहेत, आणि टोकावड्याच्या पुढची सगळीच. ठाकूर आणि कातकरी वस्त्यांमध्ये पाड्याचं बोलण्यातलं नाव आणि दाखल्यावरचं नाव यांत फरक पडतो, तिथे काय करायचं हे ठरलेलं नाही. नियमांच्या फायलीत वरच तीन ओळी टाकल्या आहेत: सध्या कोण बघतंय, मदत कुठे हवी आहे, आणि आम्हाला जमेनासं झालं तर प्रत कशी काढायची. तिसऱ्या ओळीतली कृती आम्ही त्या शिक्षकांकडून एकदा करवून घेतली. पहिल्या वेळी अडली, एक पायरी लिहायची राहिली होती. ती आता लिहिली आहे.

प्रश्न असतील तर घेऊ. किन्हवलीकडे जाणाऱ्यांची गाडी चुकत असेल, तर त्यांनी आधी विचारावं.